न्यूमन सहा वर्षं का थांबले?

गांधीजींच्या आश्रमातल्या प्रार्थनांमध्ये एक इंग्रजी भजन होतं, 'लीड, काइंडली लाइट'. गांधीजींना ते फार प्रिय होतं. नरसिंहराव दिवेटिया यांनी त्याचं गुजराती रूपांतर केलं आणि तेही आश्रमात गायलं जाई. या भजनाचे कवी जॉन हेन्री न्यूमन. १८३३ च्या जून महिन्यात, वारा पडल्यामुळे भूमध्य समुद्रात खोळंबलेल्या जहाजावर त्यांनी ते लिहिलं. सिसिलीत आलेल्या तापातून ते नुकतेच मरता मरता वाचले होते. वय ३२, चर्च ऑफ इंग्लंडचे धर्मगुरू, ऑक्सफर्डचे नामांकित अध्यापक. रोमच्या चर्चविषयी त्यांचं मत तेव्हा चांगलं नव्हतं. ते चर्च वाट चुकलं आहे, असं ते जाहीरपणे लिहीत.

बारा वर्षांनी, वयाच्या ४४ व्या वर्षी, हेच न्यूमन कॅथलिक झाले.

एका ख्रिस्ती चर्चमधून दुसऱ्या ख्रिस्ती चर्चमध्ये जाणं, एवढंच ते होतं. पण त्या काळच्या इंग्लंडमध्ये त्याने जो हादरा बसला, तो आपल्याकडच्या एखाद्या विद्वान शास्त्रीबुवांच्या धर्मांतराहून कमी नव्हता. धर्म किंवा पंथ बदलणाऱ्या माणसाबद्दल आपण चटकन काही ठरवून टाकतो. तरुण असेल तर प्रेमप्रकरण असेल, गरीब असेल तर आमिष असेल, आजारी असेल तर भीती असेल. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेला, पोटापाण्याची ददात नसलेला, समाजात मान असलेला माणूस हे पाऊल उचलतो, तेव्हा यातलं कुठलंच कारण लागू पडत नाही. अशा माणसाच्या मनात काय चाललेलं असतं, याची सर्वांत तपशीलवार नोंद न्यूमन यांनी स्वतःच करून ठेवली आहे. 'अपोलोजिया' या १८६४ च्या पुस्तकात त्यांनी आपल्या मताचा प्रवास वर्षावर्षाने मांडला आहे. त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे त्यांनी घेतलेला वेळ. पहिली शंका १८३९ मध्ये आली आणि पाऊल पडलं १८४५ मध्ये. ही सहा वर्षं त्यांनी कशात घालवली, ते समजून घेतलं की उतारवयातलं धर्मांतर ही काय चीज असते, हे बरंच उलगडतं.

सुरुवात एका राजकीय कायद्यापासून झाली. १८३३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने आयर्लंडमधली दहा अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतली, बिशपपदं कमी करायचं ठरवलं. आयर्लंडची बहुसंख्य जनता कॅथलिक होती. अँग्लिकन चर्चचा तिथला बडेजाव तिच्या डोक्यावरचं ओझं होता. व्यवहाराच्या दृष्टीने सरकारचं म्हणणं चूक नव्हतं. पण जॉन कीबल या ऑक्सफर्डच्या धर्मगुरूंनी १४ जुलै १८३३ रोजी एका प्रवचनात जाब विचारला: बिशप नेमायचा किंवा काढायचा अधिकार पार्लमेंटला कुणी दिला? चर्च ही सरकारची एक कचेरी आहे, की ख्रिस्ताच्या शिष्यांपासून हातोहात चालत आलेली संस्था? न्यूमन नुकतेच प्रवासाहून परतले होते. त्यांनी हा प्रश्न उचलला आणि छोट्या पत्रिका काढायला सुरुवात केली. आठ वर्षांत अशा नव्वद पत्रिका निघाल्या. या चळवळीला ऑक्सफर्ड चळवळ असं नाव पडलं. कीबल, एडवर्ड प्यूसी आणि न्यूमन हे तिचे तीन आधारस्तंभ. सेंट मेरी या विद्यापीठाच्या चर्चमध्ये न्यूमन रविवारी दुपारी प्रवचन देत. ते हातवारे करीत नसत, आवाज चढवत नसत, लिहून आणलेलं वाचत. तरीही ते ऐकायला विद्यार्थ्यांची गर्दी लोटे.

न्यूमन यांची भूमिका अशी होती: प्रोटेस्टंटांनी प्राचीन चर्चमधलं बरंच काही टाकून दिलं, रोमने बरंच काही नव्याने घुसडलं, मूळ चर्चचा वारसा आहे तसा सांभाळला तो फक्त इंग्लंडच्या चर्चने. हा मधला मार्ग. तो कागदावर सुरेख दिसत होता, आणि तो खराच आहे हे सिद्ध करायला न्यूमन प्राचीन चर्चचा इतिहास वाचत होते.

त्या वाचनातच घात झाला. १८३९ च्या उन्हाळ्यात ते पाचव्या शतकातला एक वाद अभ्यासत होते. ख्रिस्ताच्या ठायी देवत्व आणि मनुष्यत्व अशी दोन स्वरूपं आहेत की एकच, हा तो वाद. ४५१ मध्ये कॅल्सेडनला धर्मपरिषद भरली आणि पोप लिओ यांच्या बाजूने निकाल लागला. तो निकाल न मानणाऱ्यांत एक मवाळ गट होता. टोकाचं मत त्यालाही मान्य नव्हतं, पण रोमचं म्हणणंही तो स्वीकारत नव्हता. न्यूमन यांना त्या मवाळ गटात स्वतःचा चेहरा दिसला. रोम तेव्हाही तिथेच उभं होतं जिथे आज आहे. मधला मार्ग काढणारे तेव्हाही होते, आणि इतिहासाने त्यांना पाखंडी ठरवलं होतं. पाठोपाठ निकोलस वाइजमन या कॅथलिक विद्वानाचा एक लेख हाती पडला. चौथ्या शतकात आफ्रिकेत चर्चपासून फुटलेल्या एका पंथाविषयी तो होता. त्यात संत ऑगस्टीन यांचं एक सूत्र आलं होतं. त्याचा आशय असा, की साऱ्या जगभरच्या चर्चचा एकमुखी निवाडा स्थानिक फुटीर गटाच्या निवाड्याहून भरवशाचा असतो. चार-दोन शब्दांचं ते सूत्र न्यूमन यांच्या कानात घुमत राहिलं. मधल्या मार्गाचा पायाच खचला.

इथे एखाद्या उतावळ्या माणसाने दुसऱ्याच दिवशी कॅथलिक धर्मगुरूचं दार ठोठावलं असतं. न्यूमन यांनी तसं केलं नाही. धक्का ओसरू दिला, आणि आपल्याच शंकेवर शंका घेतली. हा मनाचा खेळ तर नाही? एका उन्हाळ्यातल्या वाचनावर आयुष्यभराची निष्ठा मोडायची का? शिवाय त्यांच्या शब्दावर शेकडो तरुण चालत होते. स्वतःपुरतं चुकणं वेगळं आणि इतरांना सोबत घेऊन चुकणं वेगळं, याची जाणीव त्यांना सतत होती.

मग १८४१ हे वर्ष आलं. चर्च ऑफ इंग्लंडची ३९ कलमं हा त्याचा पायाभूत दस्तऐवज. नव्वदाव्या पत्रिकेत न्यूमन यांनी दाखवायचा प्रयत्न केला की या कलमांचा कॅथलिक अर्थही लावता येतो. गदारोळ उठला. ऑक्सफर्डच्या कॉलेजप्रमुखांनी पत्रिकेचा निषेध केला, मग एकामागून एक बिशपांनी आपापल्या निवेदनांतून तिच्यावर टीका केली. त्याच वर्षी इंग्लंडने प्रशियाच्या प्रोटेस्टंट सरकारशी करार करून जेरुसलेमला संयुक्त बिशप नेमायचं ठरवलं. न्यूमन यांना वाटत होतं की आपलं चर्च प्राचीन कॅथलिक परंपरेतलं आहे. ज्यांनी तसं म्हणायला हवं ते बिशपच तसं म्हणत नव्हते.

१८४२ मध्ये ते ऑक्सफर्डजवळच्या लिटलमोर या खेड्यात राहायला गेले. घोड्यांच्या तबेल्यांची डागडुजी करून राहण्याजोग्या केलेल्या बैठ्या खोल्या, फरशीची जमीन, चार-सहा तरुण सोबती, ठरलेल्या वेळी प्रार्थना, कडक उपास. वर्तमानपत्रांनी गुप्त मठ म्हणून बोभाटा केला. कुजबुज ऐकून लोक बघायला येत. १८४३ मध्ये त्यांनी रोमविरुद्ध केलेली पूर्वीची कडक विधानं जाहीरपणे मागे घेतली, सप्टेंबरमध्ये सेंट मेरीचं पद सोडलं आणि लिटलमोरच्या चर्चमध्ये अँग्लिकन म्हणून शेवटचं प्रवचन दिलं. मित्रांचा निरोप हा त्याचा विषय होता. ऐकणाऱ्यांपैकी कित्येकांना रडू आवरलं नाही.

तरीही आणखी दोन वर्षं गेली. कारण एक मोठी अडचण बुद्धीच्या पातळीवर शिल्लक होती. रोमच्या शिकवणुकीत अशा कितीतरी गोष्टी आहेत ज्या पहिल्या शतकांत दिसत नाहीत. मग रोमने भेसळ केली, हा जुना आरोप खोटा कसा मानायचा? या प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी त्यांनी १८४५ मध्ये ग्रंथ लिहायला घेतला. श्रद्धेच्या सिद्धान्तांचा विकास हा विषय. जिवंत विचार काळाबरोबर वाढतो, त्याच्यातलं जे आधी अस्फुट असतं ते पुढे स्पष्ट होतं. वाढलेलं सगळंच भ्रष्ट नसतं. पण खरी वाढ कोणती आणि बिघाड कोणता, हे ओळखायचं कसं? त्यासाठी त्यांनी सात कसोट्या मांडल्या. उभ्याने लिहायच्या मेजाशी ते तासन् तास लिहीत. प्रकरणागणिक अडचण विरघळत गेली, आणि एका टप्प्यावर त्यांनी लेखणी ठेवली. ग्रंथ अपुराच राहिला, कारण ज्याच्यासाठी लिहिला त्याचं समाधान झालं होतं.

आजच्या वाचकाला या पावलाची किंमत सहज कळणार नाही. ३९ कलमांवर सही केल्याशिवाय तेव्हा ऑक्सफर्डमध्ये प्रवेशसुद्धा मिळत नसे. कॅथलिक होणं म्हणजे फेलोशिप गेली, तिच्याबरोबर उत्पन्न आणि घर गेलं. कॅथलिकांना पार्लमेंटमध्ये बसायची मुभा मिळून जेमतेम सोळा वर्षं झाली होती. इंग्लंडमधले कॅथलिक म्हणजे काही जुनी खानदानी घराणी आणि पोटासाठी आलेले आयरिश मजूर. ऑक्सफर्डचा पंडित त्यांच्या पंगतीला जाऊन बसणार, हे त्याच्या वर्तुळातल्या लोकांना कल्पनेतही सहन होत नव्हतं. त्याहून दुखरी गोष्ट घरातली. बहिणींमधली थोरली हॅरिएट हिने भाऊ रोमकडे झुकतोय हे दिसताच संबंध तोडले. १८५२ मध्ये ती वारली; तोवर दोघांची भेट झाली नाही. मराठी वाचकाला इथे लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'ची आठवण होईल. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा घराचं जे झालं, त्याचं इतकं प्रांजळ चित्रण दुसरीकडे क्वचितच सापडतं. टिळकांचं चर्च प्रोटेस्टंट होतं, प्रश्नही वेगळे होते. पण एकाच्या श्रद्धेची झळ घरातल्या सगळ्यांना लागते, हे दोन्हीकडे सारखंच.

८ ऑक्टोबर १८४५. मुसळधार पाऊस पडत होता. डॉमिनिक बार्बेरी नावाचे इटालियन धर्मगुरू घोडागाडीच्या टपावर पाच तास भिजत ऑक्सफर्डला पोहोचले. ते बेल्जियमला निघाले होते आणि वाटेत लिटलमोरला येणार होते. बार्बेरी शेतकऱ्याच्या घरातले, लहानपणी शाळेत फारसे न गेलेले. इंग्लंडमध्ये जाऊन काम करायची ओढ त्यांना तरुणपणापासून होती, ती पुरी व्हायला पन्नाशी उजाडावी लागली. मोडकंतोडकं इंग्रजी बोलणाऱ्या या साधूला स्टॅफर्डशायरमधल्या पोरांनी दगड मारले होते. रात्री अकराच्या सुमाराला ते लिटलमोरला आले आणि विस्तवाशी कपडे वाळवत बसले. दार उघडून न्यूमन आत आले, त्यांच्या पायांशी गुडघे टेकून बसले आणि म्हणाले की मला ख्रिस्ताच्या कळपात घ्या. त्याच रात्री त्यांनी आपल्या आयुष्याची पापकबुली सुरू केली. ती इतकी लांबली की उरलेली दुसऱ्या दिवशी पूर्ण करावी लागली. ९ ऑक्टोबरच्या संध्याकाळी न्यूमन आणि त्यांचे दोन सोबती यांनी श्रद्धेची जाहीर कबुली दिली. १० तारखेला सकाळी बार्बेरींनी मिस्सा, म्हणजे ख्रिस्तप्रसादाची उपासना, अर्पण केली. वेदी म्हणून न्यूमन यांचं लिहिण्याचं मेज वापरलं.

इंग्लंडच्या सर्वोत्तम बुद्धिमंतांपैकी एकाला चर्चमध्ये घेतलं ते त्याच्याशी इंग्रजीत धड वादही घालू न शकणाऱ्या माणसाने. मला या प्रसंगात सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. वाद त्याआधीच संपला होता, तोही न्यूमन यांच्या स्वतःच्या मनात. आता हवा होता तो फक्त संस्कार देणारा माणूस, आणि बार्बेरींच्या साधेपणावर न्यूमन यांचा विश्वास बसला होता.

त्या दिवशी बार्बेरींनी या तिघांना सशर्त बाप्तिस्माही दिला. हा प्रकार समजून घ्यायला हवा. कॅथलिक शिकवणुकीप्रमाणे बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच होतो, पुन्हा करता येत नाही. पाणी आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांचं नाव या दोन गोष्टी रीतसर असल्या, तर दुसऱ्या चर्चमध्ये झालेला बाप्तिस्माही खराच. पण तो नीट झाला की नाही अशी शंका असली, तर 'आधी झाला नसेल तर' अशी अट घालून तो दिला जाई. एकोणिसाव्या शतकात ही सर्रास पद्धत होती. आज अँग्लिकन किंवा तत्सम चर्चमधून येणाऱ्याचा आधीचा बाप्तिस्मा तपासून मान्य केला जातो. तो श्रद्धेची कबुली देतो, तेल लावून होणारा दृढीकरणाचा संस्कार आणि ख्रिस्तप्रसाद घेतो आणि पूर्ण सहभागी होतो.

ज्याचा बाप्तिस्माच झालेला नाही, त्याची वाट लांबची आहे आणि फार जुनीही. तिसऱ्या शतकातल्या रोमच्या परंपरेचं मानल्या जाणाऱ्या एका ग्रंथात प्रौढ उमेदवाराने तीन वर्षं शिकावं असं सांगितलं आहे. सम्राट कॉन्स्टंटाइनने तर मरणशय्येवर, ३३७ मध्ये, बाप्तिस्मा घेतला. संत ऑगस्टीन यांनी ३८७ मध्ये मिलानला ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा घेतला तेव्हा ते ३२ वर्षांचे होते. त्यांची आई मोनिका कितीतरी वर्षं त्यासाठी झुरत होती. पुढे लहान बाळांचा बाप्तिस्मा हाच रिवाज पडला आणि प्रौढांसाठीची ती जुनी पायरीपायरीची वाट बुजली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ती पुन्हा मोकळी करायचं ठरवलं आणि १९७२ मध्ये प्रौढांच्या दीक्षेचा नवा विधी प्रसिद्ध झाला.

आजही जगभरच्या कॅथलिक धर्मग्रामांत हाच क्रम पाळला जातो. आधी नुसती विचारपूस: माणूस येतो, प्रश्न विचारतो, कुणावर काही बंधन नसतं. मग त्याला उमेदवार म्हणून रीतसर स्वीकारलं जातं, कपाळावर क्रुसाची खूण केली जाते आणि शिकवणूक सुरू होते. ही पायरी काही महिन्यांची असते, कधी दोन-तीन वर्षांचीही. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाच्या आरंभी बिशपांसमोर उमेदवारांची निवड जाहीर होते, नावं वहीत नोंदली जातात. त्या काळात तीन रविवारी सर्व मंडळी त्यांच्यासाठी विशेष प्रार्थना करतात. मग ईस्टरच्या आदल्या रात्री चर्चबाहेर विस्तव पेटवतात, त्यावर ईस्टरची मोठी मेणबत्ती लावतात, अंधाऱ्या चर्चमध्ये एकेकाच्या हातातली मेणबत्ती तिच्यावरून पेटत जाते. लांबलचक शास्त्रवाचनं होतात, संतांच्या नावांची माला म्हटली जाते आणि मग पाणी, अभ्यंगाचं सुगंधी तेल आणि ख्रिस्तप्रसाद, तिन्ही संस्कार एकाच रात्री. सोबत धर्मपिता किंवा धर्ममाता असते, आणि ती व्यक्ती १६ वर्षं पूर्ण झालेली, स्वतः कॅथलिक असावी लागते. ईस्टरनंतरचे काही आठवडे जे मिळालं ते मुरवण्यासाठी असतात.

चर्चच्या कायद्यात सात वर्षांवरच्या, समज आलेल्या मुलालाही बाप्तिस्म्याच्या बाबतीत प्रौढांचेच नियम लागतात. म्हणजे जाण आली की मर्जी विचारायची. त्याच कायद्यात, कुणालाही कॅथलिक श्रद्धा बळजबरीने स्वीकारायला लावता येत नाही, असंही स्पष्ट लिहिलं आहे. इतिहासात हे नेहमी पाळलं गेलं नाही. गोव्यातल्या इन्क्विझिशनची आठवण असलेल्या प्रदेशात ते सांगायची गरज नाही. म्हणूनच ही वेळखाऊ वाट मला जपण्याजोगी वाटते. ज्याला शेवटपर्यंत 'नाही' म्हणायची मोकळीक असते, त्याच्याच 'हो'ला अर्थ असतो.

पन्नाशीत येणाऱ्यापुढे व्यवहाराच्या अडचणी वेगळ्या असतात. सर्वांत अवघड असते ती लग्नाची. कॅथलिक चर्च घटस्फोट मानत नाही. घटस्फोटानंतर दुसरं लग्न केलेल्या माणसाला आधीचं लग्न मुळातच वैध नव्हतं का, हे चर्चच्या न्यायालयाकडून तपासून घ्यावं लागतं, आणि त्यात कधी वर्षंही जातात. दुसरी अडचण पापकबुलीची. ज्याचा बाप्तिस्मा आता होतोय त्याची सगळी पापं त्या पाण्यातच धुतली जातात, अशी श्रद्धा असल्यामुळे त्याला वेगळी कबुली द्यावी लागत नाही. पण दुसऱ्या चर्चमधून येणाऱ्याला अख्ख्या आयुष्याचा हिशोब एका अनोळखी धर्मगुरूपुढे मांडावा लागतो. न्यूमन यांची कबुली दोन दिवस का चालली, ते इथे कळतं. तिसरी गोष्ट पदाची. रोम अँग्लिकन धर्मगुरूंची दीक्षा वैध मानत नाही. १८९६ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी तसं अधिकृतपणे जाहीर केलं. न्यूमन यांनाही १८४७ मध्ये, वयाच्या ४६ व्या वर्षी, रोममध्ये विद्यार्थ्याप्रमाणे राहून पुन्हा पुरोहितदीक्षा घ्यावी लागली.

न्यूमन यांच्या वाटेने पुढे अनेक जण गेले. हेन्री मॅनिंग १८५१ मध्ये बेचाळिसाव्या वर्षी आले आणि पुढे वेस्टमिन्स्टरचे आर्चबिशप झाले. फादर ब्राउनच्या गुप्तहेरकथा लिहिणारे जी. के. चेस्टरटन यांनी १९२२ मध्ये, ४८ व्या वर्षी, बीकन्सफील्डमधल्या एका हॉटेलच्या पत्र्याच्या खोलीत हा संस्कार घेतला, कारण त्या गावात कॅथलिक चर्चच नव्हतं. मनाने ते कितीतरी आधी तिथे पोहोचले होते. पण त्यांना ख्रिस्ती श्रद्धेकडे आणलं होतं ते पत्नी फ्रान्सिसने, आणि ती अँग्लिकन. तिला मागे सोडून जाणं त्यांच्या जिवावर येत होतं. फ्रान्सिस चार वर्षांनी, स्वतःच्या विचाराने, कॅथलिक झाली. पत्रकार माल्कम मगरिज यांचा भारताशी जवळचा संबंध. तरुणपणी ते केरळमधल्या आलुवा इथल्या कॉलेजात शिकवत, पुढे कोलकात्याच्या 'स्टेट्समन'मध्ये होते. मदर तेरेसांवरच्या त्यांच्या माहितीपटाने आणि पुस्तकाने मदरचं नाव जगभर नेलं. मदर तेरेसांच्या सहवासाचा ठसा त्यांच्यावर खोल होता, तरी ते कॅथलिक झाले १९८२ मध्ये, पत्नी किटीसह. वय ७९.

या सगळ्यांत एक धागा दिसतो. कुणालाही एका युक्तिवादाने जिंकलेलं नाही. न्यूमन यांनी हे एका पत्रात दोरखंडाच्या उपमेने सांगितलं आहे: एकेक तंतू क्षीण, पण एकत्र वळले की लोखंडाच्या कांबीइतके बळकट. वाचन, माणसं, प्रार्थना, एखादं दुःख, एखाद्या संताचं जगणं, सगळं मिळून माणसाची खात्री पटते. १८७० च्या आपल्या ग्रंथात त्यांनी हीच प्रक्रिया तत्त्वज्ञानाच्या भाषेत मांडली. तारुण्यात हे तंतू थोडे असतात. उतारवयात बरेच जमतात, म्हणून हा निर्णय अनेकांच्या आयुष्यात उशिरा येतो, असं मला वाटतं.

जे गेले नाहीत त्यांच्याविषयी बोलल्याशिवाय ही हकिकत पुरी होत नाही, आणि इथे ती पुण्याशी येऊन भिडते. तोच इतिहास, तीच पुस्तकं वाचून कीबल आणि प्यूसी चर्च ऑफ इंग्लंडमध्येच राहिले. त्यांच्या प्रामाणिकपणावर न्यूमन यांनी कधी शंका घेतली नाही. या राहिलेल्यांनी अँग्लिकन चर्चमध्येच मठ आणि संघ उभारले. वाँटेज गावी १८४८ मध्ये भगिनींचा संघ निघाला, ऑक्सफर्डजवळ काउलीला १८६६ मध्ये फादरांचा. दोन्ही संघ पुढे पुण्यात आले. गुरुवार पेठेतलं पंचहौद मिशन आणि पवित्र नाम देवालय ही त्यांचीच खूण. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या त्या याच वाँटेजच्या भगिनींकडे, आणि तिथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८९० मध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आदी मंडळी चहा प्यायल्याचं प्रकरण गाजलं आणि प्रायश्चित्तापर्यंत गेलं, ते याच पंचहौद मिशनमध्ये. न्यूमन वारले तेही त्याच वर्षी.

रमाबाईंचं पुढचं वागणं या विषयात फार बोलकं आहे. चर्चच्या अधिकाराचा न्यूमन यांना जो आधार वाटला, तोच रमाबाईंना जाचक वाटला. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला त्यात त्या ठामपणे सांगतात की आपली सदसद्विवेकबुद्धी आपण कुणा पुरोहिताच्या हाती देणार नाही. ब्राह्मणी पुरोहितशाहीतून सुटलेल्या बाईला दुसरी पुरोहितशाही नको होती. न्यूमन विवेकाचं बोट धरून रोमला गेले, रमाबाई विवेकाचं बोट धरून आपल्या स्वतंत्र वाटेने केडगावच्या मुक्ती मिशनपर्यंत गेल्या. दोघांचा मान राखायचा तर दोघांच्या विवेकाचा मान राखायला हवा.

कॅथलिक झाल्यावर न्यूमन यांना सुख लाभलं असं नाही. आयर्लंडमध्ये विद्यापीठ उभारायचा प्रयत्न फसला, एका बदनामी खटल्यात दंड झाला, एका लेखामुळे रोममध्ये त्यांच्याविरुद्ध तक्रार गेली. जुन्या लोकांना ते दगाबाज वाटत, नव्यांना अर्धवट. १८६४ मध्ये कादंबरीकार चार्ल्स किंग्जली यांनी त्यांच्या खरेपणावरच शिंतोडे उडवले, तेव्हा त्यांनी दर आठवड्याला एक हप्ता असं 'अपोलोजिया' लिहून काढलं, कधी सलग बावीस तास बसून. ते वाचून विरोधकांचाही सूर बदलला. १८६५ च्या सप्टेंबरात ते कीबल यांच्या घरी गेले. दारात कीबल उभे होते. वीस वर्षांनी दोघे समोरासमोर आले आणि क्षणभर एकमेकांना ओळखेनात. योगायोगाने प्यूसीही तिथे होते. तिघा म्हाताऱ्यांनी एका टेबलाशी जेवण केलं. कीबल पुढच्याच वर्षी गेले. ऑक्सफर्डने मात्र आणखी बारा वर्षं घेतली. १८४६ मध्ये शहर सोडलेले न्यूमन तिथे परतले ते १८७८ मध्ये, ट्रिनिटी कॉलेजने सन्माननीय फेलो केल्यावर. पुढच्या वर्षी पोपनी त्यांना कार्डिनल केलं.

१३ ऑक्टोबर २०१९ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केलं; त्याच समारंभात केरळच्या सिस्टर मरियम थ्रेसिया यांनाही संतपद मिळालं. १ नोव्हेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी न्यूमन यांना चर्चचे आचार्य हा दुर्मीळ सन्मान दिला. संतांचा सण सहसा त्यांच्या मृत्यूच्या दिवशी असतो. कॅथलिक चर्च न्यूमन यांचा सण ९ ऑक्टोबरला, ते कॅथलिक झाले त्या दिवशी, साजरा करतं. आणि जे चर्च सोडून ते गेले, त्या चर्च ऑफ इंग्लंडच्या पंचांगातही त्यांचं नाव आहे, ११ ऑगस्टला, त्यांच्या मृत्युदिनी.